माझ्या मृत्यूची बातमी कंपनीस कळवू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, व्यवसाय कवळ्या तयार करण्याचा, राहणार या घराच्या तळमजल्यावर, असे लिहून ठेवते की आज माझे डोके पूर्णपणे ठिकाणावर आहे. हृदय तेवढे नाही. त्यातली एक झडप नीट मिटत नाही आणि ती बदलण्यासाठी उद्या मला रुग्णालयात दाखल व्हायचे आहे. भूल दिलेला माणूस उठतोच, असे डॉक्टर म्हणतात. पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता कागदांकडे बघतात, म्हणून हे लिखाण. ते मी कोणाच्या दडपणाखाली किंवा कोणाच्या सांगण्यावरून करीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे. हे शेवटचे वाक्य वकीलबाईंच्या नमुन्यातले आहे. जे केलेच नाही ते रद्द कसे करायचे हे मला कळत नाही, पण त्या म्हणाल्या असू द्या, म्हणून असू दिले.

वाचणाऱ्याने अक्षराला नावे ठेवू नयेत. मी उभ्याने लिहिते आहे, कामाच्या ओट्यावर. खुर्चीत बसले की उठावेसे वाटते, उठले की जिना चढावासा वाटतो, आणि जिना मला मना आहे. जन्मभर माझ्या पायाला भिंगरी होती. अलीकडे ती डोक्याला लागली आहे. मागच्या ओळीनंतर मी दोनदा अंगणात जाऊन आले.

कलम १. घर. हे घर वडिलांचे. त्यांच्यामागे वरचा मजला थोरल्या भावाकडे, दादाकडे, आणि तळमजला माझ्याकडे आला. दादा गेल्यावर वरचा मजला त्याच्या बायकोचा, म्हणजे माझ्या वहिनींचा झाला. त्याला या कागदाने धक्का लागत नाही. माझा तळमजला मी वहिनींना देते. त्यांच्या गुडघ्यांना जिना झेपेनासा झाला आहे, पण हे त्या कबूल करीत नाहीत. मी गेल्यावर तरी करतील. स्वयंपाकघराच्या खिडकीची खालची कडी उलटी बसवलेली आहे, ती डावीकडे ओढायची. वहिनींनंतर सगळे त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला जाईल.

कलम २. हत्यारे आणि शिल्लक. मेण कोरायच्या सुऱ्या, जबडे जुळवायची यंत्रे, घासायची मोटर आणि ओट्यावरचा वाकता दिवा माझ्या हाताखाली शिकून आता स्वतःची खोली थाटलेल्या माझ्या शिष्येला द्यावीत. ती रडेल. रडून झाल्यावर मोटरचा पट्टा आधी बदल, असे तिला सांगावे. फळीवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे आहेत. जी माणसे हयात नाहीत त्यांचे ठसे फोडून टाकावेत. न विचारता कोणाचा जबडा ठेवून घेणे मला कधीच बरे वाटले नाही. बँकेत रुग्णालयाने सोडलेले जे काही असेल ते भाच्याला. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो, दुसऱ्याच्या दुकानात बसून. त्याने आता स्वतःची पाटी रंगवावी.

कलम ३. बेट. माझी आणखी एक मिळकत आहे, आणि ती माझी नाहीच असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादा गेला तेव्हा या घरात वर एक आणि खाली एक अशा दोन बायका उरल्या. एकमेकींशी बोलायला आम्हाला दादा हाच विषय होता आणि तोच संपला होता. वहिनी ग्रंथालयात नोकरीला होत्या, त्यांना शांतता लागते. मला मोटरचा आवाज नसेल तर करमत नाही. भाच्याला आमची दया आली असावी. त्याने आम्हाला कॉम्प्युटरवरचा एक खेळ दाखवला: समुद्रात एक ओसाड बेट, ते दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून मिळून वसवायचे. मी दोन प्रती रीतसर पैसे भरून घेतल्या, दोन्ही माझ्या नावावर, कारण कार्ड माझे होते. मला वाटले होते, आठवड्याभरात कंटाळू.

आम्ही धक्का बांधला. दीपगृह बांधले. वाचनालय वहिनींनी बांधले, तेही गावाला पिण्याचे पाणी मिळायच्या आधी. त्यावरून आमचे पहिले मनमोकळे भांडण झाले. पलीकडच्या किनाऱ्याला जाणारी एक बोट सोडली आणि तिला दादाचे घरातले नाव दिले. ती परत आली की मी खालून हाक मारायची, "वहिनी, बोट लागली!" वरून उत्तर यायचे, "दिसतेय मला. ओरडू नका, वन्सं." लग्न होऊन आल्यापासून त्या मला वन्सं म्हणत होत्या, पण हाक मारल्यासारखे त्या दिवसांतच म्हणू लागल्या.

या खेळाला कुलूप होते. चोरून प्रती काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ते लावले आहे, असे खोक्यावर लिहिले होते. वहिनींना ते वाचून समाधान वाटले. पुस्तकांची पाने फाडून नेणाऱ्यांशी त्या नोकरीभर भांडल्या होत्या. कुलूप चाले ते असे: खेळ उघडताना तो दर वेळी नेटवरून कंपनीला विचारी की ही बाई खरी गिऱ्हाईक आहे का. कंपनी हो म्हणाली की आत जायचे. नेट गेले की कंपनी काहीच म्हणत नसे, आणि पैसे भरलेल्या आम्ही दोघी आपल्याच बेटाच्या दाराशी ताटकळत बसायचो. समोरच्या फोटोग्राफरकडे हाच खेळ होता, फुकटचा, कुलूप काढून टाकलेला. त्याला कधी कोणी काही विचारले नाही.

मग वहिनींचा कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाल्याने आतला मुख्य भाग बदलला. खेळाला वाटले, हा दुसऱ्याच कोणाचा कॉम्प्युटर. आम्ही परत नोंद केली. बसवलेला भागही खराब निघाला, तो बदलला, परत नोंद केली. त्यानंतर पडद्यावर आले की ही प्रत अनेकांना वाटण्यात आली आहे, सबब खाते थांबवले आहे. दोन्ही प्रती माझ्या नावावर असल्याने दोन्ही बंद झाल्या. मी कंपनीला लिहिले, दुरुस्तीची पावती जोडली. उत्तर आले. परत लिहिले, तेच उत्तर आले, स्वल्पविरामासकट. शेवटी कळवले गेले की खातेदाराने प्रत वाटल्याचे मान्य करून पुन्हा तसे न करण्याची हमी दिली तर खाते उघडेल. नाहीतर मुदतीनंतर बेट पुसले जाईल.

भाचा तेव्हा वरच्या मजल्यावर आईजवळच राहत होता. तो वैतागून म्हणाला, "आई, सोड ना त्यांचा नाद. आपण पैसे भरलेत. मी फुकटची प्रत आणून देतो, ती कुणाला काही विचारत नाही."

त्याने हे चांगल्या मनाने म्हटले. वहिनींनी ते वेगळ्याच कानाने ऐकले. तुला कुठे मिळते ती, असे त्यांनी विचारले. सगळ्यांना माहीत आहे कुठे मिळते, असे तो म्हणाला. झाले. एवढी मोठी कंपनी उगाच कशाला नाव घेईल, असे वहिनी मला जिन्यात गाठून म्हणू लागल्या. कंपनी खोटे बोलत नाही, म्हणजे घरातल्या तिघांपैकी कोणीतरी बोलत असणार. कॉम्प्युटरमधले कळणारा घरात एकच होता. त्या उठता-बसता त्याला आडून विचारू लागल्या, मित्रांची चौकशी करू लागल्या. तो आधी हसला, मग चिडला, मग गप्प झाला, आणि एक दिवस बॅग भरून मित्राकडे राहायला गेला. का जातो आहे ते त्याने सांगितले नाही. वहिनी जेवताना त्याचे ताट मांडत आणि तसेच उचलून ठेवत.

त्यानंतर मी कंपनीला लिहून दिले की प्रत मी वाटली, माझ्या ओळखीच्यांना, आणि मी दिलगीर आहे. तेच पत्र वहिनींना दाखवले. बेट उघडले. भाचा घरी आला. घरात आजवर सगळ्यांना एवढेच ठाऊक आहे.

वहिनींनी मला बोल लावला नाही. फक्त वन्सं म्हणणे थांबले. "गोळी घेतली का?" "दूध उतू जातंय." अशी नाव-गाव नसलेली वाक्ये जिन्यावरून खाली येऊ लागली. भाचा लग्न करून पलीकडच्या वस्तीत राहायला गेला. आम्ही दोघी अजूनही खेळतो. त्या बेटाच्या उत्तरेला असतात, मी दक्षिणेला. बोट लागते. मी ओरडत नाही.

कलम ४. फोन. त्या प्रकरणानंतर कंपनी आमच्यावर डोळा ठेवून आहे. वहिनींनी खेळ उघडला की माझ्या फोनवर एक आकडा येतो, तो त्यांनी तिकडे भरायचा. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून तो वाचते, त्या वरून एकेक आकडा परत म्हणतात. दिवसातले आमचे सगळ्यात लांब बोलणे तेच. आता वकीलबाईंनी चष्मा लावून कंपनीच्या अटी वाचल्या. हे खाते विकता येत नाही, देता येत नाही, मृत्युपत्राने ठेवता येत नाही. खातेदार मेला की संपले. म्हणजे उद्या मी भुलीतून उठले नाही, तर बेट, वाचनालय आणि दादाच्या नावाची बोट माझ्याबरोबर जाणार, आणि वहिनी वर नुसत्याच बसणार. दादा एकदा गेला तेवढे पुरे.

म्हणून माझ्या मृत्यूची बातमी कंपनीस कळवू नये. माझा फोन चार्ज करून जिन्याच्या कठड्यावर ठेवावा, नंबर बंद करू नये, आलेला आकडा वहिनींनी स्वतः वाचून घ्यावा. असे कलम मी घालणार नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, मग मीच लिहिते. आयुष्यभर पैसे भरून चोर ठरले, तर मेल्यावर कंपनीच्या लेखी जिवंत राहायला माझी हरकत नाही.

कलम ५. जुने हिशेब. दुरुस्तीवाल्याने दातवालीकडे चोरीचा माल असतो असे गल्लीभर केले. वहिनींच्या कॉम्प्युटरचा जळका भाग मी जपून ठेवला आहे, तो त्याला पोचता करावा. समोरचा फोटोग्राफर नेट गेले की खिडकीतून आम्हाला हसत असे. म्हणे, "पैसे भरून दाराबाहेर उभ्या राहता, आम्ही बघा आत." चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात, हे त्याने आम्हाला रोज दाखवले. त्याची वरची कवळी माझ्या हातची आहे. म्हणजे तो आम्हाला हसला तोही माझ्याच दातांनी. त्याची फुकट दुरुस्ती मी आजवर केली. माझ्या शिष्येने ती पुढे करू नये. हे तिच्यावर बंधनकारक आहे. कंपनीला मी काहीच ठेवत नाही, रागसुद्धा नाही. राग ठेवायला समोर कोणी माणूस लागतो.

कलम ६. हे कलम कशाचीही वाटणी करीत नाही. वकीलबाई म्हणाल्या, मग ते मृत्युपत्रात कशाला? पण दुसरा कुठला कागद मी सहीनिशी लिहिणार आहे?

मी प्रत कोणालाही दिली नव्हती. कंपनीला लिहिलेले पत्र खोटे होते. मुदत जवळ आली होती आणि वर मुलाचे ताट मांडले जात होते. मला वाटले, नणंद चोर निघाली तर घर चालते. मुलगा चोर निघाला तर आईचे घर बसते. आपलेच दात आणि आपलेच ओठ असले की कोणीतरी मधली जीभ चावून घ्यावी लागते, ती मी घेतली. त्याने दिली असेल असे तेव्हा मलाही वाटत होते, हेही लिहून ठेवते. तो जेवायला आला की मी त्याच्याकडे बघायची आणि तो माझ्याकडे. आता वाटते, तोही तेच म्हणत असेल: आत्याने दिली तर खरी, पण कोणाला?

मध्यंतरी कंपनीने नेटवरच्या आपल्या जागेवर दोन ओळी टाकल्या. आमच्या कुलपाने दुरुस्त केलेले कॉम्प्युटर नवे समजून काही प्रामाणिक ग्राहकांवर चुकीने कारवाई केली, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी त्या ओळी उभ्याने वाचल्या आणि तेव्हापासून बसलेली नाही. कोणीच काही दिले नव्हते. यंत्र म्हणाले तिघांत एक चोर आहे आणि आम्ही तिघांनी मुकाट्याने शोधायला सुरुवात केली. सांगायला मी कितीदा जिना चढू लागले आणि मधूनच परतले. कारण सांगायचे तर आधी सांगावे लागते की मी खोटे लिहून दिले, आणि वहिनींच्या दरबारात सगळ्यात मोठी शिक्षा त्यालाच आहे. दम जिन्याने लागायचा की याने, हे मला डॉक्टरांनाही नीट सांगता आले नाही.

पुढील मजकूर आज दुपारनंतर लिहिला आहे.

सहावे कलम संपल्यावर कागद ओट्यावर राहू देणे मला जमेना. मी ते घेऊन जिना चढले. वहिनी खिडकीशी होत्या. मना असलेला जिना चढल्याबद्दल त्या बोलणार होत्या, पण मी कागद पुढे केले. त्या ग्रंथालयात वाचत तशा वाचतात, ओळीखाली बोट धरून. मी खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. बसा, असे त्यांनी एकदा म्हटले. मला बसवले नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट जुळवले. मग म्हणाल्या, "मला बरं वाटलं होतं."

मला कळले नाही.

"तुम्ही ते पत्र दाखवलंत तेव्हा. तुम्ही चोर निघालात आणि मला बरं वाटलं होतं, वन्सं. माझा मुलगा नाही, एवढंच कळत होतं मला. त्या बरं वाटण्याची लाज वाटायची, म्हणून तुमच्याशी बोलवत नव्हतं."

मी काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनी मुलाला फोन लावला होता. कामावरून तसाच ये, असे सांगितले. तो आला, बोटांना रंग होता. माझेच काहीतरी झाले असे वाटून धावत आला होता. वहिनींनी त्याच्या हातात कागद दिले नाहीत. त्या तोंडाने सांगू लागल्या, सगळे, पहिल्यापासून. मग म्हणाल्या, "तू कामावर गेलास की मी तुझा खण उघडायची. काही सापडतं का बघायला."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"आई, तू तो लावून ठेवायचीस. माझा खण कधी लावलेला असतो का?"

घर सोडून तो का गेला ते मला इतक्या काळानंतर असे कळले. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, पण त्याच वेळी त्या हसतही होत्या, आणि तो आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, तू मला विचारायचंस तरी." मी म्हटले, तू तरी कुठे विचारलेस?

वकीलबाई संध्याकाळी सहीसाठी आल्या तेव्हा आम्ही तिघे तळमजल्यावर होतो. वहिनींनी चौथ्या कलमावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, हे राहणार नाही. मी म्हटले, मग बेट जाईल.

"कंपनीला कळवायचं. मीच कळवीन," वहिनी म्हणाल्या. "पण आधी तुम्ही प्रत दिली नव्हती हे लिहीन आणि त्याचं उत्तर मागीन. मग लावू देत कुलूप."

मी विचारले, बोट बंद पडलेली तुम्हाला बघवेल का?

"नाही बघवणार. म्हणून तर तुम्ही परत यायचं."

मग सही कोणाच्या साक्षीने करायची हा प्रश्न निघाला. औषधाच्या दुकानातल्या बाई एक होत्या. दुसरी साक्षीदार मी, असे वहिनी म्हणाल्या. वकीलबाईंनी समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, उद्या कोणी बोट ठेवले तर त्याचा वाटा जातो.

"मग माझा वाटा खोडा," वहिनी म्हणाल्या. "यांनी कंपनीला खोटं लिहून दिलं तेव्हा खाली कुणाची साक्ष नव्हती. हे खरं लिहिलंय. याला माझी साक्ष पाहिजे."

तळमजला तुम्हाला गुडघ्यांसाठी ठेवला आहे, असे मी म्हटले. मुलगा ठेवील मला खाली, असे त्या म्हणाल्या. भाडे घेईन, असे भाचा म्हणाला. वकीलबाईंनी पेनाचे टोपण काढले.

त्यानुसार दुरुस्ती: कलम १ मधून वहिनींचे नाव खोडले आहे; माझा तळमजला थेट भाच्याला जाईल. कलम ४ रद्द. त्याऐवजी असे की, माझ्या मृत्यूची बातमी वहिनींनी स्वतः कंपनीस कळवावी, आणि त्यांच्या पत्राला माणसाने लिहिलेले उत्तर येईपर्यंत माझा फोन चार्ज असावा. कलम ५ मधील फोटोग्राफरविषयीची अट कमी करावी असे सर्वांचे म्हणणे पडले. ती मी कमी केलेली नाही.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे, निदान आता आहे. सही करण्यासाठी मला खुर्ची दिली गेली. मी उभ्यानेच सही केली.

सही: (दातवाली)

आम्ही खालील साक्षीदार लिहून देतो की मृत्युपत्र करणारीने आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर असताना सही केली, आणि आम्ही तिच्यासमोर व एकमेकींसमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: औषधाच्या दुकानातील बाई. सही.

साक्षीदार २: मृत्युपत्र करणारीची वहिनी, ग्रंथालयातून निवृत्त. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही. या घरात कोणीही काही चोरले नव्हते, यासही माझी साक्ष. सही.

ठिकाण: राहते घर, तळमजला, कवळ्या करण्याची खोली.
तारीख: रुग्णालयात दाखल होण्याचा आदला दिवस, सोमवार.